आधी सांग, मग कागद बघू

उस्ताद गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या हातात बंदूक होती. शेवगावला तहसील कचेरीतल्या तिजोरीवर माझा पहारा होता, दुपारी बारा ते दोनचा. नगरच्या एसटीतून अंबादास उतरला, रस्ता ओलांडून सरळ माझ्याकडे आला आणि पायरीखालीच थांबला. अंबादास माझ्याच भरतीतला शिपाई, इथला, शेवगावच्या पूर्वेकडचा. एरवी आला की आधी माझ्या टोपीवरून काहीतरी बोलणार. त्या दिवशी त्याचीच टोपी त्याच्या हातात होती. "उस्ताद गेले रं," म्हणाला. "परवा. घोडेगावच्या बाजारातनं घरी आले, पानी मागितलं, अन् तांब्या येईस्तवर..." पहाऱ्यावरच्या माणसाला बदली आल्याशिवाय जागा सोडता येत नाही. समोरच्या घड्याळात पावणेएक झाला होता. सव्वा तास मी तसाच उभा राहिलो, दस्ता पायाशी, नळी हातात. आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा मनात दुःख आलं नाही. पहिल्यांदा आलं ते हे, की आता ते मला कधी विचारणार नाहीत. एक ओझं उतरल्यासारखं झालं. ते ज्या क्षणी वाटलं, त्या क्षणाची लाज मला अजून सोडत नाही.

रंगनाथ हवालदार हे नाव वाचणाऱ्यांपैकी कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. नगरला आमच्या तुकडीत ते बंदूक शिकवायचे. आधी फौजेत होते, मग इकडे आले. आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणत असू. गाव नेवासा तालुक्यात, घोडेगावपासून पायी तासाभराच्या वाटेवर. त्यांच्या हाताखालून किती शिपाई गेले याची मोजदाद नाही, पण त्यांचा विषय निघाला की शेवटी एक वाक्य हमखास येतं, की माणूस हुशार, पण एकदा चुकला. ती चूक त्यांची नव्हती. ती कुणाची होती हे सांगायला मी हा कागद घेऊन बसलोय. मला लिहायची सवय नाही, सातवीत शाळा सुटली. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

मी राजापूरकडचा. वडील लवकर गेले, मागे आई आणि दोन धाकट्या बहिणी. गावचे एकजण नगरला नोकरीला होते, त्यांच्या ओळखीनं भरतीला आलो आणि उंची भरली म्हणून घेतलं गेलो. नगरला उतरलो तेव्हा आधी कशाची आठवण झाली असेल तर ओल्या मातीच्या वासाची. इथं वारा कोरडा, भाकरी कोरडी, बोलणंही मला कोरडंच वाटायचं. नंतर कळलं की ते बोलणं कोरडं नाही, फक्त त्याला पाल्हाळ नाही. मला सतत धाकधूक असायची. हजेरीला नाव पुकारलं तरी काहीतरी चुकलं असणार असंच वाटायचं. शिकवणीच्या शेवटी बंदुकीची परीक्षा होती. दहा गोळ्यांपैकी सहा काळ्या वर्तुळात लागल्या तर शिपाई, नाही लागल्या तर घरी. घरी म्हणजे बोटीनं परत, आणि आईला काय सांगायचं... रोज त्या एका गोष्टीपाशी माझा विचार येऊन अडायचा.

गावाबाहेर टेकडीच्या पोटाशी आमची चांदमारी होती, म्हणजे गोळीबार शिकायचं मैदान. टेकडीखाली मातीचा मोठा बांध, त्यापुढे लाकडी चौकटींवर डकवलेले कागद, आणि शंभर यार्डांवर आम्ही पोटावर पडलेले. दुसरे शिक्षक गोळी सुटली की कागदाकडे बघत. उस्ताद आमच्याकडे बघत. शेजारी उकिडवे बसायचे, गोळी सुटली की हळूच म्हणायचे, "बोल. कुटं गेली?" कागदाजवळच्या खड्ड्यातला माणूस झेंडी दाखवायच्या आत आपण सांगायचं, की गोळी सुटली त्या क्षणी नेम कुठं होता. वर, खाली, डावीकडं, काय असेल ते. मी म्हणायचो, "उस्ताद, बघून सांगतो." त्यावर ते म्हणत, "बघून काय, शेळी बी सांगंल. आधी सांग, मग कागद बघू." प्रत्येकाच्या कागदामागे ते पेन्सिलीनं दोन रकाने आखत. एकावर लिहीत 'सांगितली', दुसऱ्यावर 'लागली'. त्यांचं म्हणणं असं की दोन्ही रकाने जुळायला लागले की माणसाला स्वतःची चूक दिसायला लागली. मग ती चूक जायला वेळ लागत नाही. ज्याचे रकाने जुळत नाहीत त्याला शिकवणं अवघड.

गोळीबार संपला की कागद उतरवून ते बाभळीखाली बसायचे. बाभळीचे काटे मोडून एकेका भोकात एकेक काटा खोचायचे, म्हणजे भोकं लांबूनही दिसतात. मग कागद हातभर लांब धरून बघत राहायचे. घाई नाही, बोलणं नाही. एकदा एकाच्या गोळ्या वरपासून खालपर्यंत एका ओळीत पडल्या होत्या, ताणलेल्या दोरीसारख्या. त्याला म्हणाले, "घोडा दाबताना दम घेतोस का भाता चालवतोस?" दम घेताना छाती वर जाते, सोडताना खाली येते, तशीच नळीही वरखाली होते. दम अर्धा सोडून थांबायचं आणि तेवढ्यात घोडा दाबायचा. त्या गड्याच्या गोळ्या आठवड्यात एका जागी आल्या. दुसऱ्या एकाच्या गोळ्या आडव्या पांगत. त्याला त्यांनी गोळीच दिली नाही. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायला सांगितली, मग डोळे उघडायला लावले. नळी कागदाच्या वीतभर बाजूला होती. म्हणाले, अंग एकीकडं अन् नेम दुसरीकडं, मधल्या मधी हाताची वढाताण. त्याला कोपर जागेवर ठेवून सगळं अंगच वळवायला शिकवलं. अंबादासला मात्र फार शिकवावं लागलं नाही. त्याचं घर ऊसतोडीला जाणारं, लहानपणापासून हातात कोयता, त्यामुळे हात लागतो तेवढाच हलायचा. त्याच्या दहाच्या दहा गोळ्या मुठीत मावत. उस्ताद त्याचा कागद बघत आणि काही न बोलता गुंडाळून ठेवत. अंबादास म्हणायचा, आमाला शिव्या बी न्हाईत.

त्यांचं एक सांगणं होतं, पुढे ज्याच्याशी गाठ पडणार होती. म्हणायचे, "गोळ्या मुठीत पडल्या अन् मूठ भलतीकडं असली, तर बंदूक बघा. गोळ्या पांगल्या, तर आधी मानूस बघा." नळीच्या टोकाला जो छोटा उभा पत्रा असतो, ज्याच्यावरून नेम धरतात, त्याला आम्ही माशी म्हणतो. ती खाचेत बसवलेली असते. ती नखाच्या जाडीएवढी सरकली तर शंभर यार्डांवर गोळी चार-सहा बोटं सरकते. गोळ्या उजवीकडे जात असतील तर माशीही उजवीकडे सरकवायची, म्हणजे गोळी डावीकडे येते. हे त्यांनी आम्हाला फळ्यावर काढून दाखवलं होतं. आणि लगेच बजावलं होतं, की हे काम शिकवणाऱ्याचं. शिकणाऱ्यानं माशीला बोट लावायचं नाही.

माझ्या गोळ्या उजवीकडे खाली जायच्या, आणि त्यातही पांगलेल्या. मी म्हणालो, उस्ताद, चार नंबरच्या बंदुकीतच काहीतरी आहे. आमच्यात आठ जागा, आठ बंदुका, आणि चार नंबर माझ्या वाट्याला यायची. उस्तादांनी काही न बोलता माझ्या जागेवर अंग टाकलं, पाच गोळ्या मारल्या आणि कागद आणायला मलाच पाठवलं. पाचही गोळ्या काळ्याच्या मधोमध, वर रुपया ठेवला तर झाकल्या जाव्यात अशा. म्हणाले, "बंदुकीची काय तक्रार दिसत न्हाई." सगळे हसले. मग म्हणाले, आता तू मार, गोळी मी भरतो. मी नेम धरला, घोडा दाबला... आणि नुसता खट् आवाज झाला. त्यांनी पोकळ काडतूस घातलं होतं. गोळी नव्हती, धक्का नव्हता, पण माझ्या हातातली नळी डुबकी मारल्यासारखी उजवीकडे खाली गेली. सगळ्या तुकडीनं ती बघितली. हसून हसून लोक लोळले. अंबादास म्हणाला, कोकण्या मासं मारतोय. उस्ताद हसले नाहीत. सगळे पांगल्यावर माझ्याजवळ बसून म्हणाले, "कोकण्या, बंदूक उडायच्या आधीच तू उडतूस. धक्का बसायचा असतो नंतर, तू आधीच बसवून घेतूस." कुणी माझ्या स्वभावाबद्दल इतकं नेमकं बोललं नव्हतं, आणि तेही नुसती बंदुकीची नळी बघून.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते मला आपल्या खोलीवर बोलवत. मी बिनगोळीची बंदूक धरून जमिनीवर पडायचो आणि ते नळीवर दहा पैशाचं नाणं ठेवायचे. नाणं न पाडता घोडा दाबायचा. रोज पन्नास वेळा. नाणं फरशीवर पडलं की आतून मावशी, म्हणजे त्यांच्या घरच्या, आकडा ओरडायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी भात खाणारा म्हणून त्या माझ्यासाठी रेशनचे तांदूळ बाजूला ठेवत आणि स्वतः दोघं भाकरी खात. मी नको म्हणालो तर म्हणायच्या, खा लेकरा, आमाला भातानं भूक लागती. ते ताट मला अजून दिसतं. पन्नासातून चाळीस वेळा नाणं पडायचं, मग तीस, मग वीस. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बारावर आलो होतो. उस्ताद म्हणाले, "येतंय. बोट शहाणं व्हायला लागलंय. भिऊ नको, मी हाय." त्यांनी सांगितलं तेवढं करायचं होतं... पण मला ते बारा दिसत होते. अडतीस दिसत नव्हते.

परीक्षेच्या आदल्या दुपारी आम्ही लिंबाखाली बंदुका साफ करत होतो. चहाची घंटा झाली, बाकीचे उठले. चार नंबर माझ्या मांडीवर होती. माझ्या खिशात खिळा होता. तो सकाळपासूनच होता, म्हणजे हे अचानक झालं असं मला म्हणता येत नाही. खिळ्याचं टोक माशीला लावून वरून दगडानं दोनदा ठोकलं. माशी उजवीकडे दोन नखांच्या जाडीएवढी सरकली. हिशोब सरळ होता. मी उजवीकडे हिसका देणार, बंदूक डावीकडे मारणार, गोळी मधे येणार. खाली जाण्याचं मी नेम जरा वर धरून भागवणार होतो. खिळ्याचा चकचकीत ओरखडा उमटला होता, त्यावर काजळी आणि तेल चोळलं. उस्तादांनी माझा दोष शोधून माझ्या हातात दिला होता. तो काढण्याऐवजी मी बंदुकीलाच माझ्यासारखं वाकडं केलं. आणि माझ्यामागून त्याच बंदुकीवर कोण येणार, हा विचारसुद्धा मनात आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या फळीत होतो. दहा गोळ्या मारल्या. सहा काळ्यात, चार डावीकडे वर. अगदी काठावर पास. माझा कागद उतरला, नवा चढला, आणि चार नंबरच्या जागेवर माझ्या पाठोपाठ अंबादास येऊन पडला. त्याच्या दहा गोळ्या संपल्या तेव्हा खड्ड्यातली झेंडी दहाही वेळा तांबडीच हलली होती. दहा गोळ्या वाया. अंबादास उठला तो कागदासारखा पांढरा. त्याच्या घरचे सगळे तेव्हा तोडीवर होते. हा नोकरीत राहिला तर धाकट्या भावाला शाळेत ठेवायचं असं त्यांचं ठरलं होतं, हे मला ठाऊक होतं. परीक्षा घ्यायला आलेले साहेब खुर्चीतून म्हणाले, याला उद्या घरी पाठवा.

उस्ताद चालत गेले आणि माझा न् अंबादासचा, दोन्ही कागद घेऊन आले. अंबादासच्या दहाही गोळ्या काळ्याच्या बाहेर, वीतभर डावीकडे, पण एका मुठीत. मग त्यांनी चार नंबर उचलली, नळी डोळ्याजवळ आणली आणि माशीवर अंगठा फिरवला. अंगठ्याला काजळी लागली. ती त्यांनी बघितली. मग माझा कागद उलगडला आणि बराच वेळ बघत राहिले. मी पाच पावलांवर उभा होतो. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. रोज गोळी सुटल्यावर बघत तसंच, बोल, कुटं गेली, असं विचारल्यासारखं. मी खाली बघितलं. तेव्हा ते साहेबांकडे वळले आणि म्हणाले, "साहेब, काल ह्या बंदुकीला मीच हात लावला हुता. परत तपासायचं राहिलं. पोराची काय चूक न्हाई, त्याला दुसऱ्या बंदुकीवर घ्या."

अंबादास सात नंबरवर पडला आणि दहातल्या नऊ त्यानं काळ्यात घातल्या. साहेब उस्तादांना काय बोलले ते मी इथं लिहीत नाही. सगळ्या तुकडीसमोर बोलले, एवढंच. आठ दिवसांत उस्तादांना चांदमारीवरून काढून भांडारात बसवलं, बूट आणि चादरी वाटायला. पेन्शनला वर्षभर राहिलं होतं. चांदमारी असली की ते भांडाराच्या दारात येऊन उभे राहत आणि टेकडीकडून येणारे आवाज ऐकत. "घाई करतोय," म्हणत, किंवा "ह्यो आता थांबला, बरं केलं." तिथं कोण गोळी मारतंय ते त्यांना दिसत नसे.

त्या दिवसाची आणखी एक गोष्ट आहे. परीक्षेत बोलायला परवानगी नसते, म्हणून संध्याकाळी एकेकानं त्यांच्या खोलीवर जाऊन आपापल्या दहा गोळ्या सांगायच्या आणि रकाना भरून घ्यायचा, असा त्यांचा रिवाज होता. त्या संध्याकाळी सगळे गेले. अंबादासही गेला. मी पोट दुखतंय म्हणून पडून राहिलो. दुसऱ्या दिवशी मावशींनी डब्यात मऊ भात पाठवला. त्यानंतर त्यांच्या खोलीवर मी गेलोच नाही. वाटेत भेटले तर सलाम करायचो, तेही हात वर करायचे. मला शेवगावला नेमणूक मिळाली, आईला पहिली मनीऑर्डर गेली, बहिणीची सोयरीक जमली. आमच्या घरात आज जे बरं चाललंय ते एका खिळ्यावर उभं आहे, हे फक्त दोघांना ठाऊक होतं. आणि त्यातला एक बोलत नव्हता, कारण बोलायची पाळी दुसऱ्याची होती.

ते पेन्शनीत गावी गेले. दुष्काळाच्या साली एकदा मी धीर करून घोडेगावला उतरलो. आज सांगायचंच, असं ठरवून. बाजाराचा दिवस होता. वैरण नाही म्हणून लोकांनी होती नव्हती ती जनावरं आणली होती, पाय ठेवायला जागा नव्हती. उस्ताद तिथंच सापडले, कुणा पाहुण्यासाठी बैल बघत होते. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मला पळून जावंसं वाटलं. एक पांढरा बैल मालक गोल फिरवून दाखवत होता. बैलाची चाल सरळ होती, मला तर काही खोट दिसली नाही. उस्ताद चहावाल्याच्या बाकावर बसून लांबून बघत होते. म्हणाले, डाव्या मागच्या खुराखालची पत्री बघ, बाकीच्या तिन्हीपेक्षा जाड ठोकलीया. पायातला लंगडेपणा पत्रीनं झाकलाय. मी म्हणालो, मग सांगा की सगळ्यांना. त्यांनी मान हलवली. "मी सांगितलं तर त्याचा बाजार उठंल. त्यानं सांगितलं तर बैलाला औषीद व्हईल." मग बशीतला चहा संपवून माझ्याकडे वळून म्हणाले, "बरं, तुझं काय? बोल."

मी शेवगावच्या खानावळीबद्दल बोललो. बहिणीच्या लग्नाबद्दल बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एसटी आली तेव्हा माझ्या पिशवीत त्यांनी शेंगा घातल्या आणि खिडकीशी उभे राहिले. गाडी हलली तरी उभे होते. तीच शेवटची भेट.

त्यांचा दहावा प्रवरेच्या काठी झाला. नदीत पाणी नावाला होतं. तुकडीतले बरेच आले होते. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. अडला असता तर कदाचित मी तिथंच काही बोललो असतो, माझ्यासारख्याला निमित्त लागतं. लोक म्हणाले, तृप्त गेला माणूस, मागं काय राहिलं न्हाई. मग बसल्या बसल्या गोष्टी निघाल्या आणि एकानं ते वाक्य म्हटलंच, "हात लई तयार, पर त्या एका खेपेला चुकला." अंबादास म्हणाला, "माझीच नोकरी जात हुती की. पर मानूस मोठा. साहेबाम्होरं चूक कबूल केली, न्हाईतर कोन करतंय." त्यानं हे कौतुकानं म्हटलं. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो.

तिथंही तोंड उघडलं नाही. पण शेवगावची गाडी समोरून गेली आणि मी चढलो नाही. त्यांच्या घरी गेलो. मावशी ओसरीवर सुपात मिलो निवडत होत्या, रेशनवरची तांबडी ज्वारी. मला बघून म्हणाल्या, बस, च्या ठेवते. मी म्हणालो, मावशी, चहा नको, आधी ऐका. आणि सगळं सांगितलं. खिळा, दगड, काजळी, अंबादास, साहेब. सांगताना त्यांच्याकडे बघत नव्हतो, सुपाकडे बघत होतो. त्यांचे हात थांबले नाहीत. खडे बाजूला पडत राहिले. माझं संपलं तरी त्या काही वेळ निवडतच होत्या. मग सूप खाली ठेवून आत गेल्या. पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आल्या तेव्हा हातात सुतळीनं बांधलेली कागदाची गुंडाळी होती.

"लई उशीर लावलास, लेकरा," म्हणाल्या. "त्यो आपनहून बोलला तर दे, म्हनले हुते. इचारू नको, म्हनले. न बोलला तर चुलीत घाल."

परीक्षेच्या दिवसाचा माझा कागद. काळ्यातली सहा भोकं नुसतीच होती. डावीकडे वरच्या चार भोकांत मात्र बाभळीचे काटे होते, वाळून तांबूस झालेले, एकाचं टोक मोडलेलं. वाया गेलेल्या गोळ्यांना काटे कशाला, हे मला कळेना. कागद उलटा केला. मागे दोन रकाने. 'लागली' मध्ये दहाही गोळ्या त्यांच्या अक्षरात लिहिलेल्या. 'सांगितली' चा रकाना कोरा. आणि खाली पेन्सिलीनं एक ओळ: "चार बरोबर. बोट सुधारलं."

तेव्हा उलगडलं. माशी सरकवलेली होती, म्हणजे जी गोळी नीट सुटली ती डावीकडेच जायला हवी होती. त्या चार गोळ्या मी हिसका न देता मारल्या होत्या. काळ्यात गेलेल्या सहा, ज्यांवर मी पास झालो, त्या माझ्या जुन्या खोडीच्या. नाण्याचा तो सगळा अभ्यास, ते भाताचं ताट, त्या चार भोकांत होतं. मी बंदुकीला हात लावला नसता तर काय झालं असतं हे आता कुणी सांगू शकत नाही. पण त्या दिवशी दोन्ही कागद हातात धरून ते इतका वेळ बघत होते ते एवढ्यासाठी, हे कळलं. माझी लबाडी त्यांना अंगठ्याच्या काजळीतच दिसली होती. बाकीचा वेळ ते माझ्या बऱ्या गोळ्या शोधत होते.

अंबादासला मी त्या आठवड्यातच सांगितलं. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "मला सांगितलंस, आता जे जे त्यांना चुकला म्हनले त्या समद्यांना सांग." समदे कुठं कुठं पांगलेत, म्हणून हा लेख. खिळ्याचं सगळं कबूल करून साहेबांच्या नावे अर्ज लिहून दिला आहे. त्याचं काय व्हायचं ते होईल. मला भीती वाटते, वाटत नाही असं नाही. धक्का बसायच्या आधीच मी बसवून घेतो, ती खोड पुरती गेलेली नाही.

कागद आता माझ्या ट्रंकेत आहे, काटे तसेच ठेवलेत. काल पेन्सिल घेऊन बसलो आणि 'सांगितली' चा कोरा रकाना भरला. आठवून आठवून, एकेक गोळी. चार ठिकाणी लिहिलं, घोडा कधी सुटला ते कळलं नाही. सहा ठिकाणी लिहिलं, उजवीकडं खाली, घाबरलो होतो. आणि सगळ्यांच्या वर, पहिल्या ओळीच्याही वर, जागा नव्हती तिथं बारीक अक्षरात लिहिलं, माशी मी हलवली. मग दोन्ही रकाने शेजारी शेजारी धरून बघितले. जुळले. ओसरीवर त्या दिवशी मी आधी सांगितलं, आणि मगच कागद बघितला, एवढं एक त्यांच्या रीतीनं झालं... उस्ताद ते बघायला शेजारी नव्हते.